एक टक्का एफडीआर पाळूनही यादीत नको तिथलं प्रथिन कसं येतं?

शोधयात्री

नमस्कार मंडळी. मी मूळचा संगणकशास्त्राचा. सध्या एका प्रोटिओमिक्स (नमुन्यातली सगळी प्रथिनं एकत्र अभ्यासणारं शास्त्र) गटात डेटाचं विश्लेषण करतो. मास स्पेक्ट्रोमीटरमधून आलेल्या फायली सर्च इंजिनला द्यायच्या, एक टक्का फॉल्स डिस्कव्हरी रेटची (एफडीआर, म्हणजे यादीतल्या चुकीच्या नावांचा अंदाजित वाटा) रेषा ओढायची आणि वरची प्रथिनं जीवशास्त्रवाल्यांच्या हाती सोपवायची, हे माझं काम.

यकृताच्या पेशींच्या नमुन्यांत एक प्रथिन आलंय, जे वृषणाबाहेर सहसा दिसत नाही. काम अजून प्रकाशित नाही, म्हणून नाव देत नाही. त्याला फक्त एका स्वतंत्र पेप्टाइडचा आधार आहे. बाकीची पेप्टाइडं त्याच्याच कुळातल्या, यकृतात मुबलक असलेल्या दुसऱ्या प्रथिनाशी सामायिक आहेत. गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो, एक टक्का एफडीआर पाळलाय म्हणजे हे प्रथिन ९९ टक्के खरं, लिहून टाका. दुसरा म्हणतो, एका पेप्टाइडवर विसंबायचं नाही, वगळून टाका. मला दोन्ही उत्तरं पटत नाहीत. अशा वेळी तुम्ही नेमकं काय तपासता?

पाचवा_कोन

विषय रंजक दिसतोय, पण डोक्यावरून गेला. आमच्यासारख्यांसाठी कुणी सुरुवातीपासून सांगेल का? वाचनखूण साठवली आहे.

खडूफळा

@पाचवा_कोन, प्रयत्न करतो. अख्खं प्रथिन मोजणं अवघड, म्हणून आधी ट्रिप्सिन या विकराने त्याचे तुकडे करतात. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांच्या पुढे कापतं, त्यामुळे तुकडे कुठे पडणार हे आधीच सांगता येतं. हे तुकडे म्हणजे पेप्टाइडं. यंत्र प्रत्येक पेप्टाइडचं वस्तुमान आणि विद्युतभार यांचं गुणोत्तर मोजतं, मग त्यातलं एकेक निवडून वायूच्या रेणूंवर आपटून फोडतं आणि तुकड्यांची वस्तुमानं नोंदवतं. ही नोंद म्हणजे स्पेक्ट्रम, त्यात प्रत्येक तुकड्याचं एक शिखर दिसतं. पेप्टाइड बहुधा दोन अमिनो आम्लांमधल्या बंधाशी तुटतं. पुढच्या टोकाकडून मोजलेल्या तुकड्यांना बी-आयन म्हणतात, मागच्या टोकाकडून मोजलेल्यांना वाय-आयन.

आता संगणकाचं काम. माणसाच्या सुमारे वीस हजार प्रथिनांचे अनुक्रम माहीत आहेत. ते कागदोपत्री ट्रिप्सिनने कापायचे, प्रत्येक तुकड्याचा अपेक्षित स्पेक्ट्रम काढायचा आणि मोजलेल्याशी जुळवून गुण द्यायचे. १९९४ मध्ये आलेल्या सीक्वेस्टपासून ही पद्धत रूढ झाली. १९९९ मध्ये मॅस्कॉट आलं, पुढे एक्स टँडेम, अँड्रोमेडा, कॉमेट, एमएसफ्रॅगर. गाभा तोच, गुण देण्याची आणि वेग वाढवण्याची रीत वेगळी.

अडचण अशी की प्रत्येक स्पेक्ट्रमला कुणीतरी ‘सर्वांत जवळचा’ सापडतोच, तो बरोबर असो वा नसो. म्हणून डेटाबेसमध्ये उलटे लिहिलेले, निसर्गात नसलेले अनुक्रम मिसळतात. त्यांना डिकॉय म्हणतात. हजेरीपटात वर्गात नसलेल्या मुलांची नावं घुसवली आणि त्यांतल्या पाच जणांची ‘हजर’ लागली, तर खऱ्या नावांतही साधारण तितक्याच खोट्या हजेऱ्या असणार, असा तो अंदाज. त्यावरून एफडीआर निघतो. इलायस आणि गायगी यांच्या २००७ च्या लेखानंतर हीच सर्वमान्य चाल झाली.

पाचवा_कोन

व्वा! हजेरीपटाने सगळं उजळलं. आता पुढचं वाचतो.

गणकमित्र

खडूफळा यांनी पाया छान घातलाय. त्यावर शोधयात्री यांच्या पहिल्या तटाला उत्तर देतो, कारण तो गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्याने खरंच नुकसान होतं.

एक टक्का एफडीआर हा यादीचा गुणधर्म आहे, यादीतल्या एका नावाचा नाही. यादीच्या वरच्या टोकाच्या जुळण्या जवळजवळ निश्चित असतात, रेषेला चिकटलेल्या जुळण्या कितीतरी जास्त संशयास्पद. तुमच्या त्या एका पेप्टाइडची शक्यता हवी असेल तर पोस्टेरियर एरर प्रोबॅबिलिटी, म्हणजे ती एक जुळणी चुकीची असण्याची शक्यता, बघा. पर्कोलेटरसारखी साधनं ती प्रत्येक जुळणीसाठी देतात. एकूण यादी एक टक्क्याच्या आत असतानाही रेषेजवळच्या एखाद्या जुळणीसाठी हा आकडा त्याच्या अनेक पट असू शकतो.

दुसरा मुद्दा पातळीचा. एफडीआर कशावर लावलाय? स्पेक्ट्रमच्या जुळण्यांवर, पेप्टाइडांवर की प्रथिनांवर? समजा एक लाख जुळण्या आहेत आणि त्यांतल्या हजार चुकीच्या. बरोबर जुळण्या त्याच त्या प्रथिनांवर ढिगाने पडतात, कारण ती प्रथिनं नमुन्यात खरोखर आहेत. चुकीच्या मात्र डेटाबेसभर विखुरतात आणि बहुतेक प्रत्येक चूक एक नवं प्रथिन उभं करते. जुळण्यांच्या पातळीवरचा एक टक्का प्रथिनांच्या पातळीवर सहज कित्येक टक्के होतो. डेटा जितका मोठा, तितकी ही तफावत वाढते.

रसायनी

गणकमित्रांना पूर्ण अनुमोदन. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २०१४ चं. ‘नेचर’च्या एकाच अंकात मानवी प्रोटिओमचे (माणसाच्या सगळ्या प्रथिनांचे) दोन आराखडे आले. एक अखिलेश पांडे यांच्या गटाचा, ज्यात १७,२९४ जनुकांची प्रथिनं सापडल्याचं म्हटलं होतं, दुसरा म्युनिकच्या बर्नहार्ड कुस्टर यांच्या गटाचा. दोन्ही कामं प्रचंड आणि मोलाची. पण इतरांनी लगेच बोट ठेवलं ते गंधग्राही प्रथिनांवर. मुख्यतः नाकाच्या आतल्या अस्तरात असणारी ही प्रथिनं यादीत अपेक्षेपेक्षा फारच जास्त होती. स्पेक्ट्रम उघडून बघितले तर पुष्कळांचा पुरावा अगदी तोकडा. त्यानंतर प्रथिनांच्या पातळीवर एफडीआर कसा काढायचा यावर भरपूर काम झालं. कुस्टर यांच्याच गटाने पुढच्या वर्षी ‘पिक्ड’ पद्धत मांडली. तीत प्रत्येक प्रथिन आणि त्याचा डिकॉय यांची जोडी लावतात आणि जास्त गुणवालाच ठेवतात.

शोधयात्री

गणकमित्र, आमचा एफडीआर जुळण्यांवर आणि प्रथिनांवर, दोन्हीकडे एक टक्का आहे. त्या जुळणीची पोस्टेरियर एरर प्रोबॅबिलिटीही तशी चांगली आहे, म्हणजे ती रेषेजवळची नाही. म्हणूनच अडकलोय.

कडक_चहा

सोपा नियम: दोन पेप्टाइडं नसतील तर प्रथिन बाद. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालतं, कधी अडलं नाही.

गणकमित्र

@कडक_चहा, इथे मी ठाम असहमत. गुप्ता आणि पेव्हझनर यांनी २००९ मध्येच दाखवलं की दोन-पेप्टाइड नियमाने उलट नुकसान होतं. एका खणखणीत पेप्टाइडवर उभं असलेलं खरं प्रथिन तुम्ही फेकता आणि दोन रडतखडत आलेल्या पेप्टाइडांवरचं खोटं प्रथिन ठेवता. शिवाय लहान प्रथिनांना ट्रिप्सिनने कापल्यावर मोजता येण्याजोगं एखादंच पेप्टाइड मिळतं. त्यांना तुमच्या नियमात जागाच नाही.

कडक_चहा

मान्य, लहान प्रथिनांचा मुद्दा बिनतोड आहे. पण नियम सोडला तर विद्यार्थी काहीही घेऊन येतात. कुठेतरी कुंपण हवंच ना?

गणकमित्र

कुंपण हवंच. पण ते गुणांवर घाला, पेप्टाइडांच्या संख्येवर नको.

नवी_पालवी

तुम्ही सगळे जुन्या सर्च इंजिनांवर का अडलात? २०१९ मध्ये प्रोझिट आल्यापासून न्यूरल नेटवर्क प्रत्येक पेप्टाइडच्या तुकड्यांची तीव्रता आधीच वर्तवतं. आधी फक्त ‘शिखर आहे की नाही’ बघायचे, आता ‘किती उंच असायला हवं’ हेही बघता येतं. जोडीला, यंत्रात जाण्याआधी पेप्टाइडं ज्यात वेगळी होतात त्या स्तंभातून पेप्टाइड कधी बाहेर पडेल त्या वेळेचं भाकीत. हे सगळं पर्कोलेटरला दिलं की खऱ्याखोट्याची फारकत खूप स्पष्ट होते. शोधयात्री, पुन्हा गुणांकन करून बघा, प्रश्न तिथेच मिटेल.

रसायनी

नवी पालवी, ही साधनं मी रोज वापरते आणि त्यांनी कामाचा दर्जा खरोखर उंचावलाय. पण या प्रश्नाला ती पुरतील असं वाटत नाही. शोधयात्री म्हणतात तो संशयित एका मुबलक प्रथिनाचा भाऊबंद आहे. दोघांच्या पेप्टाइडांत एखाद्याच अमिनो आम्लाचा फरक असेल तर भाकीत केलेले स्पेक्ट्रमही जवळजवळ सारखेच असणार. दोघांनाही उत्तम गुण मिळतील.

आणि इथेच डिकॉयची मर्यादा आहे. उलटे लिहिलेले अनुक्रम यादृच्छिक चुका मोजतात. खडूफळा यांच्या हजेरीपटात सांगायचं तर, खोटी नावं भलत्याच मुलाने मारलेली हाक पकडतील, पण सख्ख्या भावाने भावाच्या नावाने ‘हजर’ म्हटलं तर त्यांना काय कळणार? म्हणून एफडीआर अगदी चोख पाळूनही नेमकी हीच चूक आत येते.

खडूफळा

+१. याचं नेहमी भेटणारं उदाहरण म्हणजे पोट (POTE) कुळातली प्रथिनं. त्यांतल्या काहींना ॲक्टिनसारखा भाग जोडलेला असतो. ॲक्टिन तर प्रत्येक पेशीत ढिगाने असतं. त्यामुळे ॲक्टिनची पेप्टाइडं सामायिक म्हणून यांच्या नावावर चढतात आणि एखादी संशयास्पद ‘स्वतंत्र’ जुळणी मिळाली की पोट यादीत अवतरतं.

तळटीप

थोडं विषयांतर, पण संबंध आहे. २००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये टी. रेक्स डायनोसॉरच्या सुमारे ६.८ कोटी वर्षं जुन्या हाडातून कोलॅजनची पेप्टाइडं मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. पेव्हझनर यांनी संख्याशास्त्रीय आक्षेप घेतले: इतक्या स्पेक्ट्रममधून इतक्या जुळण्या निव्वळ योगायोगानेही मिळू शकतात का, हे आधी तपासा. २००९ मध्ये मार्शल बर्न आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा पुन्हा तपासला. कोलॅजनच्या जुळण्या त्यांना संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणाऱ्या वाटल्या, पण त्याच डेटात शहामृगाच्या हिमोग्लोबिनशी जुळणारं पेप्टाइडही निघालं. म्हणजे जुळणी बरोबर असली तरी तो रेणू हाडातला की प्रयोगशाळेतला, हा प्रश्न उरतोच. डेटा सगळ्यांसाठी खुला केला होता म्हणूनच हा वाद पुढे सरकला, आणि मला ती गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

पाचवा_कोन

बाप रे, डायनोसॉर! हा धागा रात्री झोपू देणार नाही. :-) एक बाळबोध शंका: डेटाबेस कशाला हवा? स्पेक्ट्रममधल्या शिखरांमधली अंतरं मोजून थेट अनुक्रम वाचता येत नाही का?

नवी_पालवी

बाळबोध मुळीच नाही! त्याला डी नोव्हो म्हणतात. डीपनोव्हो, कासानोव्हो यांसारखी साधनं तेच करतात आणि गेल्या काही वर्षांत ती झपाट्याने सुधारली आहेत. प्रतिपिंडं किंवा अनुक्रम माहीत नसलेले जीव यांच्यासाठी दुसरा मार्गच नसतो.

रसायनी

फक्त वस्तुमानाच्या काही गाठी त्यालाही सुटत नाहीत. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वस्तुमान हुबेहूब एक. दोन ग्लायसिन मिळून एक ॲस्पॅराजिन, ग्लायसिन आणि ॲलॅनिन मिळून एक ग्लुटामिन. अणूंची संख्याच तीच, त्यामुळे यंत्र कितीही अचूक असलं तरी नुसत्या वस्तुमानावरून भेद होत नाही, त्या दोघांमधला बंध तुटलेला दिसावा लागतो. लायसिन आणि ग्लुटामिन यांच्यात मात्र ०.०३६ डाल्टनचा (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) फरक आहे, तो आजची यंत्रं सहज टिपतात.

शोधयात्री, यावरून आठवलं. तुमच्या दोन भाऊबंदांच्या पेप्टाइडांत नेमका फरक कोणता आहे? एका जागी ॲस्पॅराजिन आणि दुसऱ्यात ॲस्पार्टिक आम्ल, असं तर नाही?

शोधयात्री

रसायनी, अगदी तसंच आहे! मुबलक प्रथिनात ॲस्पॅराजिन, संशयितात ॲस्पार्टिक आम्ल. पेप्टाइडच्या सुरुवातीपासून दुसरी जागा. तुम्ही कसं ओळखलंत?

रसायनी

कारण ही जोडी या बाबतीत फार फसवी आहे. दोन वाटा आहेत, दोन्ही तपासा.

पहिली वाट डीअमिडेशनची. नमुना तयार करताना, विशेषतः अल्कलीयुक्त द्रावणात रात्रभर ट्रिप्सिन चालू ठेवलं की ॲस्पॅराजिनचं आपोआप ॲस्पार्टिक आम्ल होतं. वस्तुमान ०.९८४ डाल्टनने वाढतं. मग मुबलक प्रथिनाचं पेप्टाइड रासायनिकदृष्ट्याच संशयिताच्या पेप्टाइडसारखं बनतं. सर्च इंजिनला हा बदल शक्य आहे हे सांगितलं नसेल, तर त्याच्यापुढे संशयित हे एकच उत्तर उरतं.

दुसरी वाट समस्थानिकांची. कार्बन-१३ मुळे प्रत्येक पेप्टाइडच्या शेजारी १.००३ डाल्टनने जड असं दुसरं शिखर असतं. १५०० डाल्टनच्या आसपास ते पहिल्याच्या तोडीस तोड उंच असतं आणि साधारण १८०० च्या पुढे तर त्याहून उंच. यंत्राने किंवा सॉफ्टवेअरने चुकून त्यालाच पहिलं शिखर धरलं, तर वस्तुमान १.००३ ने जास्त नोंदलं जातं. ॲस्पार्टिक आम्लवाल्या पेप्टाइडचं खरं वस्तुमान ०.९८४ ने जास्त असायला हवं. फरक फक्त ०.०१९ डाल्टन. १५०० डाल्टनच्या पेप्टाइडसाठी हे साधारण १३ पीपीएम (दहा लाखांत १३ भाग) होतात. तुमची सहनशीलता, म्हणजे वस्तुमानातली चालवून घ्यायची चूक, २० पीपीएम ठेवलेली असेल तर जुळणी निमूटपणे पुढे जाते.

म्हणून तीन गोष्टी बघा. या जुळणीची वस्तुमानातली चूक बाकीच्यांच्या तुलनेत किती आहे? हे पेप्टाइड मुबलक भावाच्या पेप्टाइडबरोबर अगदी त्याच क्षणी स्तंभातून बाहेर पडतं का? समस्थानिकाची भानगड असेल तर क्षण तोच असेल, खरं वेगळं पेप्टाइड बहुधा थोडं मागेपुढे सरकेल. आणि सर्वांत महत्त्वाचं, स्पेक्ट्रम स्वतः उघडून बी-२ आयन (पुढच्या टोकाची पहिली दोन अमिनो आम्लं असलेला तुकडा) बघा. फरक दुसऱ्या जागी असेल तर बहुतेक सगळी वाय-मालिका दोन्ही पेप्टाइडांत सारखीच येते, त्यामुळे गुण भरघोस मिळतात. भेद कळतो तो बी-२ वरून.

संथ_नदी

या निमित्ताने विचारते. दोन गटांची तुलना करताना ज्या प्रथिनांचे आकडे काही नमुन्यांत गायब असतात, तिथे काय भरायचं? आमच्याकडे सगळे पर्सियस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचं मूळ सेटिंग वापरतात.

गणकमित्र

@संथ_नदी, थोडक्यात सांगतो. ते सेटिंग गायब आकडा म्हणजे प्रमाण कमी होतं असं धरतं आणि मोजलेल्या आकड्यांच्या वितरणाला डावीकडे सरकवून तिथून यादृच्छिक आकडे उचलतं. प्रमाण कमी असल्यामुळे गायब झालेल्यांसाठी ते ठीक. पण निव्वळ योगायोगाने निवडलं न गेलेल्या मुबलक पेप्टाइडालाही तसाच खालचा आकडा मिळतो आणि खोटा फरक उभा राहतो. आकडे भरण्याआधी आणि भरल्यावर निकाल किती बदलतो ते नक्की बघा. याला वेगळा धागा काढा ना, खूप बोलण्यासारखं आहे.

संथ_नदी

धन्यवाद, काढते.

कडक_चहा

डीआयए वापरलं असतं तर ही भानगड झाली असती का? तिथे यंत्र पेप्टाइडं निवडतच नाही, ठरलेल्या खिडक्यांमधलं सगळंच फोडतं. २०१२ मध्ये स्वॉथ ही डीआयएची पद्धत आल्यापासून सगळे तिकडेच चाललेत.

नवी_पालवी

डीआयएमध्ये गायब आकडे पुष्कळ कमी होतात हे खरं, आणि डीआयए-एनएनसारख्या साधनांनी ते सर्वांच्या आवाक्यात आणलं. पण एकाच खिडकीत दोन्ही भाऊ एकत्र फुटतात, त्यामुळे सामायिक तुकड्यांचा प्रश्न तिथे सुटत नाही, उलट अधिक अवघड होतो. शिवाय एन्ट्रॅपमेंट नावाची कसोटी आहे. नमुन्यात नसणारच अशा परक्या जीवांची प्रथिनं साधनाला न सांगता डेटाबेसमध्ये ठेवायची आणि त्यांतली किती ‘सापडतात’ ते मोजायचं. २०२५ मध्ये नोबल, केइख आणि सहकाऱ्यांनी ही कसोटी नीट लावली, तेव्हा डीआयएची साधनं सांगितलेला एफडीआर सातत्याने पाळत नाहीत असं दिसलं. रसायनी यांचं म्हणणं मला आता पटतंय, आधी स्पेक्ट्रम बघायला हवा.

शोधयात्री

धागा वर काढतोय, कारण उत्तर मिळालंय.

रसायनी, दुसरी वाट निघाली. पेप्टाइड १५०० डाल्टनच्या जवळचं आहे. सगळ्या चांगल्या जुळण्यांची चूक शून्याच्या दोन्ही बाजूंना तीन पीपीएमच्या आत, आणि या एकाची अधिक १३ च्या आसपास. सहनशीलता २० पीपीएमच होती. बाहेर पडण्याची वेळ मुबलक भावाच्या पेप्टाइडशी तंतोतंत जुळते. स्पेक्ट्रम उघडला तर बी-२ आयन स्पष्टपणे ॲस्पॅराजिनच्या वस्तुमानावर उभा आहे. यंत्राने आधी पहिलं शिखर फोडलं, ते काही काळ वगळण्याच्या यादीत गेलं आणि मग शेजारचं कार्बन-१३ चं शिखर नवं पेप्टाइड म्हणून निवडलं गेलं.

सर्च पुन्हा चालवला. समस्थानिकाच्या चुकीची मुभा चालू केली, ॲस्पॅराजिनचं डीअमिडेशन बदल म्हणून जोडलं, सहनशीलता १० पीपीएमवर आणली. तो स्पेक्ट्रम मुबलक प्रथिनाकडे गेला आणि संशयित यादीतून नाहीसा झाला. यादी थोडी लहान झाली, पण गटातल्या दोन्ही तटांनी ती मान्य केली.

गणकमित्र

उत्तम काम! एक विनंती: तेवढ्या एका नावावर थांबू नका. ज्या प्रथिनांना एकच स्वतंत्र पेप्टाइड आहे आणि ज्यांचा मुबलक भाऊबंद त्याच नमुन्यात आहे, अशांची यादी स्क्रिप्टने काढा. प्रत्येकासाठी वस्तुमानातली चूक, वेळेतला फरक आणि भेद दाखवणारा आयन आहे की नाही, हे तीन स्तंभ ठेवा. पायथनमध्ये पायटिओमिक्स किंवा पायओपनएमएस घेतलं तर एमझेडएमएल फाइल वाचून हे फार जड जात नाही.

शोधयात्री

सुरू केलंय. पायओपनएमएस वापरतोय. पहिल्या फेरीत अजून काही संशयित दिसताहेत. बहुतेक ॲस्पॅराजिनवालेच, पण दोघे ग्लुटामिन आणि ग्लुटामिक आम्लाच्या जोडीतले.

रसायनी

अपेक्षितच, तिथेही फरक तोच ०.९८४ चा. प्रकाशनाच्या वेळी कच्च्या फायली प्राइड या सार्वजनिक डेटा-भांडारात ठेवा आणि सर्चची सगळी सेटिंग सोबत द्या. सहनशीलता आणि समस्थानिकाची मुभा हे दोन आकडे लेखात लिहायचे बरेच जण विसरतात.

खडूफळा

आणि शोधयात्री, तो स्पेक्ट्रम प्रकाशनानंतर इथे नक्की टाका. बी-२ वर बोट ठेवून विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

शोधयात्री

नक्की टाकतो. स्क्रिप्टही सोबत देईन, म्हणजे इतरांना आपापल्या यादीवर चालवता येईल.